नांदेडचे दोन हाव

सर्वानुमते हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल ते सांगता येणार नाही. लातूरला रेणापूरच्या रस्त्यावर एका तेल गिरणीच्या कंपनीत मी सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टाय घातलेला माणूस येतो. माझं टेबल करडईच्या वासानं भरलेल्या एका खोलीत होतं आणि त्याच्या खणात संचालक मंडळाचं प्रोसिडिंग बुक असायचं. बैठकीची नोटीस काढायची, काय ठरलं ते त्या पुस्तकात लिहायचं, पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवायचं आणि खाली अध्यक्षांची सही घ्यायची, हे माझं काम. सही झाली की लिहिलेलं पक्कं. मग बैठकीत खरोखर काय झालं होतं, हे कुणी विचारत नसे.

जिल्हा नुकताच नवा झाला होता. आमचे छापील कागद जुन्या जिल्ह्याच्या नावाचे होते आणि ते टाकून द्यायला अध्यक्ष तयार नव्हते. त्यामुळे प्रत्येक पत्रावरचं ‘उस्मानाबाद’ मी पट्टी लावून खोडायचो आणि बाजूला रबरी शिक्का मारायचो, ‘लातूर’. गावात पाट्या रंगवणारे मिळेनासे झाले होते. ज्याला त्याला पाटी बदलून हवी होती. पाट्या नव्या होत होत्या, पण पाऊस सलग दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता.

संचालक चार होते. अध्यक्ष अप्पा, मोंढ्यातले जुने व्यापारी. रोज सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत आणि कपाळावरच्या भस्माचे पट्टे संध्याकाळपर्यंत मोडू द्यायचे नाहीत. दुसरे त्यांचे जावई, इंजिनियर, यंत्रांकडे बघायचे. तिसऱ्या काकू, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. गिरणी मुळात त्या भावानं काढलेली. ते गेल्यावर त्यांच्या शेअरबरोबर त्यांची खुर्चीही काकूंकडे आली, पण काकू त्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत. बैठक झाली की प्रोसिडिंग बुक आणि हजेरीचं पुस्तक त्यांच्या घरी जायचं. त्या ज्वारी निवडता निवडता हात पदराला पुसायच्या आणि मी बोट ठेवीन तिथं सही करायच्या. हे नियमात बसत नव्हतं. ते मला माहीत होतं आणि अप्पांनाही माहीत होतं.

चौथे नांदेडचे चाचा. मूळचे बिलोलीकडचे, धंदा बारदान्याचा. गिरणीला पोती पुरवता पुरवता थोरल्या भावाचे दोस्त झाले, दोस्तीतून भागीदार झाले आणि कंपनी झाली तेव्हा संचालक. बैठकीच्या दिवशी ते नांदेडहून पहाटेची एसटी धरायचे आणि लोहा, अहमदपूर करत दुपारपर्यंत लातूरला पोचायचे. बैठक झाली की गिरणीच्या मागच्या वस्तीत जायचे. त्यांची थोरली मुलगी तिथं दिलेली होती. जावयाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. लेकीच्या हातचं जेवून, रात्र तिथं काढून, चाचा सकाळी परत जायचे.

माझी एक पद्धत होती. बैठकीचे विषय आधीच ठरलेले असायचे आणि ते कसे सुटणार हेही ठरलेलंच असायचं. म्हणून मी इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. अक्षर माझं बरं होतं आणि त्या पुस्तकात खाडाखोड नव्हती, याचा मला अभिमान होता. कुणाचा विरोध लिहिलेलं इतिवृत्त म्हणजे डाग पडलेला सदरा, असं मी मानत असे. अप्पा पाहुण्यांना ते पुस्तक दाखवायचे आणि मी खाली बघून हसायचो.

गिरणीच्या आवारात एक बोअर होती. थोरल्या भावानं त्याच बोअरचा एक नळ कुंपणाच्या भिंतीतून बाहेर काढून दिला होता, मागच्या वस्तीसाठी. वस्तीतले निम्मे लोक गिरणीतच कामाला होते. त्या उन्हाळ्यात बोअर उचक्या देऊ लागली. पाणी थोडं यायचं, मग नुसती हवा, मग पुन्हा थोडं. बॉयलरला पाणी लागतं, आणि बॉयलर थंड झाला की गिरणी बंद. अप्पांनी मला विषय सांगितला, बाहेरचा नळ बंद करणे. मी नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी ठराव लिहून टाकला.

बैठकीला अप्पा, जावई, चाचा आणि लिहायला मी. लाइट गेलेली होती म्हणून गिरणी शांत होती. अप्पा म्हणाले, “बोअरचं पाणी लई कमी झालंय, चाचा.”

“हाव,” चाचा म्हणाले.

“बॉयलरला पाणी न्हाई मिळालं तर गिरणी बसंल.”

“हाव.”

“बाहेरचा नळ बंद करावा लागतोय आता.”

“हाव,” चाचा म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. “पर अप्पा,” एवढं ते म्हणाले आणि लाइट आली. भिंतीपलीकडे घाणे एकदम सुरू झाले. जावई लगबगीनं उठून यंत्राकडे गेले, अप्पाही उठले, आणि बैठक संपली. चाचा थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले. त्यांना वाटलं होतं की विषय पुढच्या बैठकीला राहिला. माझ्या पुस्तकात तो कालच संपलेला होता. मी हजेरी घेतली आणि संध्याकाळी काकूंची सही आणली.

मी औशाकडचा. आमच्याकडे होय म्हणायला ‘व्हय’ म्हणतात आणि ऐकणारा माणूस नुसतं ‘हं’ करतो. नांदेडकडे ‘हाव’ म्हणजे होय, एवढं मला माहीत होतं. तीन वेळा हाव म्हणजे तीन वेळा होय. माझ्या मनात शंकेला जागाच नव्हती.

दोन दिवसांनी नळाच्या वर पत्र्याची पाटी लागली. मजकूर माझाच होता. पाण्याच्या टंचाईमुळे, संचालक मंडळाच्या सर्वानुमते झालेल्या ठरावानुसार, हा नळ बंद करण्यात आला आहे. पाटी रंगवणाऱ्याला मोठ्या मिनतवारीनं आणलं होतं आणि त्यानं ‘सर्वानुमते’ लाल रंगात काढून दिलं. ते मला शोभून दिसलं.

आठवड्यानं चाचा आले. बैठक नव्हती, नोटीस नव्हती. नांदेडहून एवढ्या उन्हात आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

“शेक्रेटरीसाहेब, त्या पाटीवर माझं नाव कसं?”

“पाटीवर कुणाचंच नाव नाही, चाचा.”

“सर्वानुमते लिहिलंय ना. त्यात मी न्हाई का?”

मी पुस्तक काढून दाखवलं. ठराव, सूचक, अनुमोदक. चाचांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. “मी कबूल कुठं केलं?” ते म्हणाले.

“तुम्ही तीनदा हाव म्हणालात. मी स्वतः ऐकलंय.”

“हाव,” चाचा म्हणाले. “आयकून राहिलो होतो मी.”

मला राग आला. माझ्या वहीवर कुणी बोट ठेवलेलं मला खपायचं नाही. मी जरा कोरडेपणानंच सांगितलं की काय हरकत असेल ती पुढच्या बैठकीत घ्या, मी माझ्या मनानं एक अक्षर बदलू शकत नाही. हे कायद्यानं बरोबर होतं. चाचांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “माझ्या लेकीची घागर रांगेतून काढून बाजूला ठेवतात आता. तुझ्या बापानं नळ बंद केला म्हनतात. मी तिला काय सांगू?” मग ते गेले. मी पत्रावरचे जिल्हे खोडत बसलो, पण पट्टी सरळ लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वस्तीत गेलो. माफी मागायला गेलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी बरोबर आहे याची खात्री करायला गेलो होतो. वस्तीत आता टँकर यायचा आणि रांग सकाळपासून लागायची. माणसांची नव्हे, घागरींची. बायका घागर ठेवून घरी जायच्या, घागरीची जागा ती बाईची जागा. रांगेपासून दोन हात बाजूला एक पितळी घागर एकटीच होती. ती कुणाची हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

चाचांची मुलगी दारात आली. मी कोण ते कळल्यावर तिनं मला आत बसवलं आणि अर्धा पेला पाणी दिलं. त्या दिवसांत अर्धा पेला ही मोठी गोष्ट होती. मी विषय काढला. म्हटलं, तुमच्या वडिलांनी हाव म्हटलं होतं, मी तसं लिहिलं. ती हसली. त्या घरात कुणी हसेल असं मला वाटलं नव्हतं.

“भाऊ, अब्बाचे दोन हाव हायेत,” ती म्हणाली. “कबूल असलं की ‘हाव, करू’ म्हनतात. नुसतं हाव म्हंजे, बोल, आयकून राहिलो. आमच्या अम्मीला इचारा. सैपाकघरात एक फळी ठोकून द्या म्हनून राहिली, मी साळंत होते तवापासून. अब्बा रोज हाव म्हनतात. फळी अजून न्हाई.”

मलाही हसू आलं आणि लगेच गेलं. दोन्ही हाव मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. त्यातला कुठला हाव कोणता, ते मी कधी विचारलं नव्हतं. उठताना तिनं एवढंच विचारलं, “दुरुस्त होतं का हो लिहिलेलं?” मी म्हणालो, बघतो. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडतो, म्हणून त्या रात्री बायकोशी विनाकारण भांडलो.

महिन्याभरात पुढची बैठक लागली. मी मागचं इतिवृत्त वाचून दाखवलं. ‘सर्वानुमते’पाशी माझा आवाज खाली गेला असावा, कारण जावईबापूंनी पंख्याकडे बघितलं. अप्पांनी पेनाचं टोपण काढलं. चाचा म्हणाले, “मी कबूल न्हवतं केलं, अप्पा. तसं लिवा.”

“तुमी हाव म्हनलात की,” अप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय ओ, लिहिलंय ते बरोबर हाय का न्हाई?”

“मी ऐकलं ते लिहिलं,” मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला सुचलं असणार. अप्पांनी पेन कागदावर टेकवलं. चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत तक्रार नव्हती, ते फक्त ऐकत होते. त्यांनी ओठ हलवले, पण या वेळी हाव म्हणाले नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द गिळलेला मी बघितला, आणि तो माझ्यामुळे गिळला होता.

“लिहिलं आदल्या दिवशी,” मी म्हणालो. “ऐकलं नंतर. मत कुणालाच विचारलं नाही, अप्पा. काकूंची तर घरी जाऊन सही आणली. सर्वानुमते हे माझं आहे, मंडळाचं नाही.”

पेन तसंच राहिलं. अप्पांचा चेहरा असा झाला की आता नोकरी गेली असंच मी धरून चाललो. घरी दोन मुलं शाळेत होती आणि लातुरात दुसऱ्या सेक्रेटरीची गरज कुणाला नव्हती. “मग आता इचारा,” अप्पा शेवटी म्हणाले. “सगळ्यांला इचारा. वैनीलाबी बोलवा.” हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं होतं. मी ते शब्दशः घेतलं आणि रिक्षा पाठवली.

काकू आल्या. थोरल्या भावाच्या खुर्चीत बसायला त्यांना कसंसंच झालं, म्हणून कडेलाच टेकल्या. मी विषय पुन्हा मांडला आणि एकेकाला विचारलं. जावई म्हणाले, नळ बंद. अप्पा म्हणाले, बंद. चाचा म्हणाले, “चालू ठेवा. दिवसातून एक तास का होईना, पर ठेवा.” मग मी म्हणालो, “काकू, तुमचं मत?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या चाचांच्या बाजूनं बोलतील. नळ त्यांच्या नवऱ्यानं दिलेला होता, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. म्हणजे माझं पाप कमी झालं असतं.

“बंदच ठेवा,” काकू म्हणाल्या. “गिरणी एकदा बसली की लवकर उठत न्हाई, ह्यांच्या येळंला मी पाहिलंय. मागच्या वस्तीतलेच मानसं कामाला हायेत. टँकर येतोय, पर पगार टँकरनं येत न्हाई.” मग थांबून म्हणाल्या, “पर त्या बायांला आपन सोता जाऊन सांगायचं. पत्र्यानं न्हाई सांगायचं.”

अप्पा पेनाच्या टोपणाशी खेळत राहिले. जावईबापूंना बॉयलर आठवला.

“मी जातो,” चाचा म्हणाले.

“तुमी तर नको म्हनलात,” अप्पा म्हणाले.

“हाव. पर बोर्डात हाय ना मी.”

मी सगळ्यांदेखत ‘सर्वानुमते’वर पट्टी लावून रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘बहुमताने’. खाली चाचांचं नाव लिहून त्यांचा विरोध नोंदवला. त्या पुस्तकातली ती पहिली खाडाखोड. अप्पांनी शेजारी सही केली, पेन टेबलावर जरा जोरात ठेवलं, आणि माझ्या नोकरीचा विषय त्यांनी पुढे कधीच काढला नाही. पाटी रंगवणारा दुसऱ्या दिवशी आला. त्यानं दोन्ही शब्द बोटांवर मोजले आणि म्हणाला, “बरं झालं, पाचाच्या जागी पाच. जागा बदलायची गरज न्हाई.”

चाचा मला बरोबर घेऊन गेले. टँकर यायचा होता आणि रांगेपाशी बायका जमल्या होत्या. त्यांची मुलगी लांब, आपल्या घागरीपाशी उभी होती. चाचांनी टोपी नीट केली आणि सांगायला सुरुवात केली. मला वाटलं, आता ते सांगतील की मी विरोध केला होता, बाकीच्या तिघांनी बंद केला. तसं पुस्तकात होतंच. त्यांच्या मुलीसाठी तेवढं पुरलं असतं.

“नळ बोर्डानं बंद केलाय,” चाचा म्हणाले. “बोर्डात मी हाय. म्हंजे मीबी बंद केलाय. पाऊस पडला, बोअर उठली, की पहिला हा नळ चालू होईल. न्हाई झाला तर मला इचारा. लेकीला न्हाई, मला.”

“तुमी व्हय म्हनला होता का न्हाई?” एक म्हातारी म्हणाली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून ती दगडावर बसली होती. पाटीवर काय लिहिलंय ते तिला कुणीतरी वाचून दाखवलेलं दिसत होतं.

“न्हवतो म्हनलो.”

“मग बोर्ड सोडून का न्हाई दिलं? घरी बसायचं.”

“सोडलं तर पुढच्या बैठकीत नळाचं कोण काढंल?”

म्हातारीनं थोडा विचार केला. मग उठली, चाचांच्या मुलीची पितळी घागर काठाला धरून उचलली आणि आपल्या घागरीच्या मागं, रांगेत ठेवली. मुलीनं पदर डोळ्यांना लावला आणि चाचा दुसरीकडे बघू लागले.

म्हातारीचं लक्ष आता माझ्याकडे गेलं. “आन् तू कोन रे? तू काय म्हनलास, चालू का बंद?”

“मला मत नसतं, मावशी,” मी म्हणालो. “मी फक्त लिहितो.”

“मग नीट लिहीत जा की,” ती म्हणाली, आणि परत दगडावर जाऊन बसली.